दिवाळीपर्यंत हलवायचं नाही

अविनाशने आयुष्यात एकदाही स्वतःच्या नावावर मोबाईलचा करार केला नाही. त्याच्या खिशातला फोन जुना, काच तडकलेली, पाठीला रबरबँड, आणि आत किराणा दुकानात मिळतं तसलं प्रीपेड कार्ड. महिन्याला पाच-सात युरोत त्याचं भागायचं. दुसऱ्यांच्या नावावर मात्र त्याने किती करार करवले ते त्यालाही सांगता यायचं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत जर्मनीत कार्ल्सरूहेला शिकायला आलेलं कुठलंही मराठी पोर धरा आणि विचारा, पहिला फोन कुणी घेऊन दिला? अवीदादांनी. मग विचारा, तो फोन आता कुठे आहे? इथे पोरं गप्प होतात.

मी त्याला अव्या म्हणते. त्याला हे नाव आवडत नाही, म्हणूनही म्हणते.

तो इथे आला तेव्हा आमचे हे हयात होते. हे पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीने इकडे पाठवलं आणि आम्ही इकडचेच झालो. माझी शाळा चौथीपर्यंत. इथल्या विद्यापीठाच्या खानावळीत, मेन्झात, मी पंचवीस वर्षं ताटं धुतली. तिथे मराठी पोरं ओळखीची झाली, आणि मेन्झा सुटल्यावर ती माझ्या घरी दुपारी जेवायला यायला लागली. अविनाश त्या पहिल्या पंगतीतला. इंजिनियर व्हायला आला होता. इथे एका विषयात तीनदा नापास झालं की कायमचं बाहेर काढतात, तसा तो बाहेर पडला. घरी कळवलं नाही. सांगलीला त्याची आई अजून पोरगा जर्मनीत इंजिनियर आहे म्हणून पेढे वाटत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

घरात शिरला की आधी वाकून नमस्कार करणार. डोकं माझ्या पायाशी आणि डोळे टेबलावरच्या फोनांवर. जेवायला आलेल्या पोरांचे फोन तिथे पडलेले असायचे. नमस्कार करून उठेपर्यंत कुठला केवढ्याला जाईल हे त्याचं ठरलेलं. साधं वरण असलं तरी म्हणणार, "मावशी, हात चाटत बसावं असं झालंय." आणि त्यातली कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला लावणार. दुसऱ्याचं ऐकायचं नसेल तेव्हा "जा, जा, गेनाऊ" म्हणत मान हलवायचा. म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. आणि बोलण्याआधी "आल्झो", म्हणजे तर मग, असं म्हणाला की आपलं पाकीट चाचपावं.

धंदा सोपा होता. इथल्या कंपन्या महागातला फोन एक युरोला देतात आणि त्याच्या बदल्यात दोन वर्षांचा करार करून घेतात. फोनची किंमत महिन्याच्या बिलात मुरलेली असते. दुधातल्या पाण्यासारखी, दिसत नाही, पण आपण त्याचे पैसे देत असतो. अविनाश नव्या पोराला सांगायचा, "तुला हजाराचा फोन करायचाय काय? माझ्याकडे एक जुना चांगला आहे, तो वापर. नवा मी विकून देतो. तुला रोख दोनशे. खोलीच्या डिपॉझिटला होतील. फोन फुकट, वर पैसे." पोरगं बिलाचं विचारायचं. "पहिले तीन महिने कंपनीकडून माफ. मग बंद करून टाकू, मी आहे ना." तीन महिने माफ असायचे हे खरं. बंद होत नसे. दोन वर्षं बिल चालायचं. नवा फोन सातशे-आठशेला जायचा, त्यातले दोनशे पोराला, बाकी अविनाशला.

पोरांचीही मला कीव येत नाही. देशात सोळा वर्षं शिकून आलेली, यंत्रं बनवायची म्हणतात, आणि आपल्या नावाचा कागद न वाचता सही करतात. का, तर दादा आपल्याकडचे आहेत, वाचत बसलं तर त्यांना काय वाटेल! जर्मन माणसासमोर हीच पोरं तीन-तीनदा वाचतात.

माझं तोंड मात्र फार उघडायला नको, कारण आमच्या घरातही त्याने हात घातला होता. ह्यांना त्याने मोठ्या बटणांचा फोन घेऊन दिला, करार ह्यांच्या नावावर. "काका, म्हातारपणी आकडे दिसले पाहिजेत." हे खूश. दोन वर्षांनी हे गेले. तेराव्याला अविनाशने पंगतीत वाढलं, पाणी दिलं, पत्रावळी उचलल्या. मी म्हटलं, पोर चांगलं आहे. पुढच्या महिन्यात बिल आलं ते दुप्पट. मी कंपनीला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, तुमच्या यजमानांनी मागच्याच आठवड्यात करार वाढवून नवा फोन घेतला की.

मी म्हटलं, "माझे यजमान मागच्याच महिन्यात जाळले."

ह्यांचा पासवर्ड अविनाशकडे होता, त्यानेच लावून दिला होता. त्याला बोलावलं तर आला, आधी नमस्कार. मग म्हणाला, "आल्झो, मावशी, काकांचा करार असाही चालूच राहणार होता. मी म्हटलं वाया कशाला घालवा? काकांचा आशीर्वाद समजा."

मेलेल्या माणसाच्या नावावर फोन काढून तो विकला, आणि म्हणे आशीर्वाद. मी त्याच्याकडून पैसे वसूल केले, मृत्यूचा दाखला पाठवून करार बंद केला, आणि गप्प बसले. पोलिसात गेले नाही. लोक काय म्हणतील, आपलंच माणूस, परक्या देशात, असलं सगळं मीही मनात आणलं. त्या दिवशी बोलले असते तर पुढचं झालं नसतं. हे मी लिहून ठेवते, म्हणजे कुणी मला शहाणी समजायला नको.

आता त्याचा दसरा. विद्यापीठ इथे ऑक्टोबरात उघडतं, म्हणजे नवी पोरं येतात ती दसऱ्याच्या आगेमागे. अविनाश त्यांना स्टेशनवर घ्यायला जायचा, बॅगा उचलायचा, घरी नेऊन खिचडी घालायचा. त्याच्या दोन खोल्यांत सात-आठ गाद्या अंथरलेल्या. पत्ता नोंदवायला सरकारी कचेरीत तोच घेऊन जायचा. पहिले पंधरा दिवस त्या पोरांना आई-बाप तोच. आणि त्याच पंधरा दिवसांत त्याच्या लॅपटॉपवरून करार व्हायचे, फोनची खोकी त्याच्याच पत्त्यावर यायची. "साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे," म्हणायचा, "आज घेतलेल्या वस्तूला बरकत असते."

दसऱ्याला मला पोळ्या करायला बोलवायचा. पूजा मी डोळ्यांनी पाहिली आहे. पाटावर देवीचा फोटो, झेंडू, आणि पुढे फोनच्या न उघडलेल्या खोक्यांची चळत. "आपली शस्त्रं हीच," असं म्हणून पोरांना हसवायचा. पण हळद-कुंकू वाहण्याआधी त्या चळतीवर तो स्वयंपाकघरातलं पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचा, अगदी ताणून, सुरकुती पडू न देता. खोक्याला डाग पडला तर किंमत उतरते. देवीला वाहिलेलं कुंकू प्लास्टिकवर. असा भक्त मी दुसरा पाहिला नाही. आरती झाली की हात जोडून सांगायचा, "आता ही दिवाळीपर्यंत हलवायची नाहीत. लक्ष्मीपूजनाला उत्तरपूजा करू, मग विक्री. आपल्यात असंच असतं."

माझे वडील लोहार. दसऱ्याला आमच्याकडे हातोडा, सांडस, ऐरण पूजायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ऐरणीवर घण पडायचा. दिवाळीपर्यंत हत्यार हलवायचं नसतं तर आम्ही खाल्लं काय असतं? पण मला वाटलं, अविनाशच्या सांगलीकडे असेल काही. मीही विचारलं नाही.

त्यामागचं खरं कारण मला कळलं शलाकामुळे. शलाका लातूरची, बाप एसटीत कंडक्टर. अंगाने काडी, बोलते तोंडातल्या तोंडात. दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी जेवायला आली आणि ताटावर नुसती बसून राहिली.

"काय गं, भाजी खारट आहे?"

"नाही मावशी. एक पत्र आलंय. वाचता का? दादा म्हणाले काही नाही, फाडून टाक."

मला जर्मन बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. पण आकडे सगळीकडे सारखेच. चोवीस महिने. महिन्याला साठ युरो. आणि खाली बारीक अक्षरात, खोकं हातात पडल्यापासून चौदा दिवसांत नको म्हणून कळवलं आणि वस्तू परत केली तर करार रद्द.

"साठ युरो म्हणजे तुझं काय गं?"

"जेवण," ती म्हणाली. तिच्या खात्यातून महिन्याला ठरलेलीच रक्कम निघते. खोली आणि विमा गेला की जे राहतं ते पोटाला. "दादा म्हणाले होते तीन महिन्यांनी बंद होईल. दोन वर्षं मी काय खाऊ, मावशी? बाबांना सांगितलं तर ते परत ये म्हणतील."

"खोकं कधी आलं?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले. मुंबईहून येतं ते, तिथीवालं. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन मोजलं. वीस दिवस. कायदा देतो चौदा. ह्या माणसाला तीनदा नापास केलं म्हणजे ह्या देशाला तो कळलाच नाही म्हणायचं, एवढं डोकं होतं त्याच्याकडे. जर्मन कायद्याला त्याने पंचांग जोडलं होतं. देवीच्या पुढ्यात खोकं ठेवलं की पोर चौदा दिवस हात लावणार नाही. फाडून बघणार नाही, परत करणार नाही. दिवाळी आली की मुदत गेलेली.

"ऊठ," मी म्हटलं. "आधी नको म्हणून पत्र टाकू. मग खोकं आणू."

पत्र तिने फोनवरून तिथल्या तिथे पाठवलं. मग आम्ही दोघी ट्रामने अविनाशकडे. गुडघ्यांमुळे मला त्याचे तीन मजले चढायला वेळ लागला. वर पोचले तेव्हा तो दारातच उभा, आणि वाकला. मी पाय मागे घेतले.

"पायाचं राहू दे. हिचं खोकं दे."

"मावशी, बसा तरी. चहा टाकतो."

"चहा घरी पिईन. खोकं."

"आल्झो, मावशी, ते पूजेत आहे. उत्तरपूजेआधी हलवायचं नसतं, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? पोरीचं पहिलं वर्ष आहे इथलं. अपशकुन होईल."

शलाका माझ्या मागे दाराला चिकटली होती. म्हणाली, "राहू दे मावशी, दिवाळीनंतर..."

"तू गप." मी आत गेले. पाटावरचा झेंडू वाळून काळा पडलेला. चळत होती तशीच, प्लास्टिक घट्ट.

"मावशी, नका!" अविनाश ओरडला. "उत्तरपूजा झाली नाही!"

"मी करते," मी म्हटलं, आणि प्लास्टिकमध्ये बोट खुपसून ओढलं.

वरचं खोकं हातात घेतल्याबरोबर कळलं. रिकामं. दुसरं रिकामं. सगळी रिकामी, कुठल्या कुठल्या सालची जुनी खोकी. ही पोरं सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पुठ्ठ्यासमोर उदबत्ती लावत होती.

"कुठे आहे हिचा फोन?"

त्याने फाटलेलं प्लास्टिक गोळा केलं. मग म्हणाला, "ड्युसेलडॉर्फला. तिसऱ्या रात्रीच खोकी बदलली आणि सगळे नेले. तिथे एकजण एकत्र घेतो."

"त्याने खोकी फोडली का?"

"नाही. महिनाअखेरीस पुढे पाठवतो."

"मग उद्या जाऊन आण."

"आता तो जास्त मागेल. मावशी, हिला मी शंभर वर देतो, विषय संपवा ना."

मी म्हटलं, "अव्या, मी पोलिसात जाणार नाही. मागे गेले नाही, आता कुठे जाऊ? पण माझ्याकडे दुपारी पंचवीस पोरं जेवतात. उद्या मी भात वाढताना बोलेन. आमटी वाढताना बोलेन. ह्यांचा दाखला आणि ते दुप्पट बिल अजून माझ्या कपाटात आहे, ते लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवेन. पुढच्या ऑक्टोबरात तू स्टेशनवर उभा राहशील आणि तुझ्या गाद्यांवर कोण झोपेल ते बघ."

"आणि आणून दिला तर?"

"तर वाढताना बोलणार नाही."

तो शब्द मी पाळला. वाढताना आजपर्यंत बोलले नाही. लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं गाडीने ड्युसेलडॉर्फला गेलो. त्याला एकट्याला पाठवायला मी काही काल जन्मलेली नाही. डब्यात तो समोर बसला, फोनचा रबरबँड काढत होता, लावत होता. शलाका खिडकीबाहेर बघत होती. तास-दीड तास गेला. मग तोच म्हणाला, "मावशी, मी आलो तेव्हा मला घ्यायला स्टेशनवर कुणी आलं नव्हतं. चार दिवस पाव खाऊन काढले. मी निदान पोरांना घ्यायला तरी जातो."

"बरं करतोस."

"मग मी काय फुकट जाऊ?"

मी पिशवीतून धपाटे काढले. शलाकाला दोन दिले, मी एक घेतला. त्यालाही एक दिला, भूक सगळ्यांना लागते. त्याने खाल्ला, आणि ह्या वेळी हात चाटत बसावं वगैरे काही म्हणाला नाही. मला ते बरं वाटलं.

दुकान स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. दुकानदार साठीचा, पांढऱ्या मिशा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. अविनाशला बघून उठलाही नाही. आमच्याकडे चाळीस पोरांचा दादा म्हणवणारा हा, तिथे खुर्ची रिकामी असून उभा.

"काय रे, आज काही आणलं नाहीस?" दुकानदाराने विचारलं.

"जा, जा... नाही. एक परत हवा होता. नंबर हा."

"परत?" दुकानदार हसला. "मी काय तुझं वाचनालय आहे?"

"जास्त देतो."

"ते तर देशीलच." अविनाशने विकला होता त्यापेक्षा त्याने दीडशे जास्त सांगितले. अविनाश घासाघीस करू लागला. म्हणाला, माझी पोरं आहेत, पुढच्या वर्षी जास्त आणीन, आपला इतक्या वर्षांचा संबंध. दुकानदाराने चष्मा लावला आणि वर्तमानपत्र उघडलं. अविनाश बोलत राहिला, तो वाचत राहिला. त्याचं पान उलटून झालं तेव्हा अविनाशने पैसे काढून ठेवले.

दुकानदाराने मागच्या फळीवरून खोकं काढलं आणि टेबलावर टाकलं. शलाकाने ते उचललं, खालचा नंबर पत्रातल्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला, दोनदा. मला बरं वाटलं. उशिरा का होईना, वाचायला शिकली.

तिथूनच पाठवायचं असं मी ठरवलं होतं. ते खोकं अविनाशबरोबर परत त्याच गाडीत बसवायची माझी तयारी नव्हती. जवळच पोस्टाची खिडकी होती. रांगेत आम्ही तिघं, शलाका पुढे, तिच्यामागे अविनाश, मी शेवटी. तिने कंपनीने पाठवलेला पत्ता चिकटवला, खोकं आत सरकवलं. खिडकीतल्या बाईने वजन केलं, शिक्का मारला आणि पावती पुढे केली.

पावती घ्यायला अविनाशने हात पुढे केला. पोरांचे कागद तो स्वतःकडेच ठेवून घ्यायचा, "तू हरवशील" म्हणून. हात आपोआपच गेला असणार. शलाकाने त्याच्या हाताखालून पावती घेतली, घडी केली, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि चेन वर ओढली. वळून ती माझ्यापाशी आली.

अविनाश तसाच खिडकीपाशी उभा राहिला, हात काचेवर टेकलेला. खिडकीतल्या बाईने त्याच्याकडे बघितलं.

"तुमचं काय पाठवायचंय?"

"माझं? काही नाही."

"मग बाजूला व्हा," ती म्हणाली. "मागे लोक आहेत."

तो बाजूला झाला.